शिसवीच्या मेजावरचे सोने

खानापूर तालुक्यात देगावजवळ, भीमगडच्या रानात, महादई उगम पावते. घाट उतरून ती गोव्यातल्या सत्तरीत शिरते, पुढे मांडवी म्हणून रुंदावते आणि समुद्राला मिळण्याआधी जुन्या गोव्याच्या चर्चांना लागून वाहते. सतराव्या शतकात या काठावर पोर्तुगीजांची राजधानी होती. तिथल्या कारागिरांनी सागवान, शिसव, अबनूस आणि हस्तिदंत वापरून लिहिण्याच्या पेट्या आणि कागदपत्रे ठेवायची खणाखणांची कपाटे घडवली. त्यांच्या कोपऱ्यांवर आणि कुलपांभोवती सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या जाळीदार पट्ट्या बसवल्या. पोर्तुगीज जहाजांनी ती लिस्बनला नेली. आज त्यांचे उत्तम नमुने लिस्बनच्या राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहेत.

जडावकाम आणि सोनेरी धातूकाम असलेले लिहिण्याचे मेज म्हटले की जाणकारांच्या तोंडी पहिले नाव पॅरिसचे येते. ती कीर्ती सार्थ आहे. पण पॅरिसमध्ये हा प्रकार भरात आला तेव्हा मांडवीच्या काठीही तो जोमात होता, आणि त्याचे स्वतंत्र शास्त्र होते. आपल्या भागातल्या वाचकाला ती फ्रेंच मेजे खरोखर समजून घ्यायची असतील, तर त्याने आधी गोव्याची पाहावीत असे मला वाटते. दोन्हीकडचे कारागीर एकाच अडचणीशी झुंजत होते आणि दोघांनी तिच्यातून वेगवेगळ्या वाटा काढल्या.

ती अडचण लाकडाचीच. कणकुंबी-जांबोटीकडच्या घरात वाढलेल्याला ती समजावून सांगावी लागत नाही. आषाढात दार चौकटीत अडकते आणि चैत्रात त्याच दाराला फट पडते. लाकूड हवेतला ओलावा पिते आणि सोडते. ते फुगते रेषांना आडवे. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. पितळेला ओलाव्याचे काही नाही, ते उष्णतेने वाढते. हस्तिदंताची तऱ्हा आणखी निराळी, कासवाच्या ढालीची आणखी. आता हे सगळे एकाच सपाट फळीवर, एकमेकांना खेटून, सरसाने चिकटवायचे आणि ते पिढ्यान्‌पिढ्या तसेच राहावे अशी अपेक्षा धरायची! एक जण ताणतो, दुसरा हलत नाही, आणि मधला सरस सुटतो. जडावाच्या मेजाच्या घडणीत जे जे काही दिसते, त्यातले निम्मे या ओढाताणीवरचा उपाय असते.

पॅरिसमधले सर्वांत मोठे नाव आंद्रे-शार्ल बूल याचे (१६४२–१७३२). १६७२ मध्ये त्याला राजाश्रय मिळाला आणि लुव्रच्या राजवाड्यात राहायला व काम करायला जागा मिळाली. पितळ आणि कासवाची ढाल यांचे जडावकाम त्याने शोधून काढलेले नाही, पण ते इतक्या उंचीवर नेले की त्या कामालाच त्याचे नाव पडले. पद्धत अशी: पितळेचा पत्रा आणि ढालीचा पत्रा एकावर एक चिकटवायचा, वर नक्षीचा कागद डकवायचा आणि अगदी बारीक पात्याच्या करवतीने दोन्ही एकदम कापायचे. मग गठ्ठा सोडवायचा. एकाच कापणीतून दोन जोड्या हाती येतात. एकीत ढालीच्या जमिनीवर पितळेची वेलबुट्टी, दुसरीत पितळेच्या जमिनीवर ढालीची. पहिल्या जोडीला मान अधिक. पण दुसरी फेकून देत नसत. कधी ती त्याच नमुन्याच्या दुसऱ्या मेजावर लागे, तर कधी त्याच कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला. ढाल थोडी पारदर्शक असल्यामुळे तिच्या मागे लाल रंग देत, आणि मग सगळा पृष्ठभाग आतून पेटल्यासारखा दिसे.

आतला सांगाडा मात्र साध्या ओकचा किंवा पाइनचा. डोळ्यांना दिसते ते सारे वरचे पातळ आवरण, आजच्या भाषेत व्हिनिअर. मेजाचा कोपरा, पायाची धार, खणाचा काठ हे त्याचे दुबळे भाग. तिथे आवरण आधी उचकटते. सोनेरी धातूकामाचे काम इथे सुरू होते. मेजाच्या गुडघ्याशी बसवलेला ब्राँझचा मुखवटा, पायाच्या धारेवरून खाली उतरणारी पट्टी, तळाशी घातलेला धातूचा जोडा, वरच्या फळीच्या कडेची किनार ही सगळी नाजूक जागांवरची चिलखते आहेत. ती सुंदर आहेत म्हणून आपण त्यांना दागिने समजतो. एखाद्या मेजावरची सोनेरी पट्टी कोणत्याही काठाचे रक्षण न करता मधेच कुठेतरी चिकटवलेली दिसली, तर ते काम उशिराचे किंवा समज नसलेल्या हाताचे असण्याचा संभव मोठा.

हे मेज एका माणसाचे काम नसे. पॅरिसमध्ये व्यवसायांच्या श्रेणी कडक होत्या. लाकूडकाम करणाऱ्याने धातू ओतायचा नाही. ब्राँझ ओतणारे आणि त्यावर छिन्नी चालवणारे वेगळे, मुलामा देणारे आणखी वेगळे. १७४३ च्या नियमांनी, जे १७५१ मध्ये पक्के झाले, प्रत्येक उस्तादाला आपल्या नावाचा लोखंडी शिक्का कामावर ठोकणे बंधनकारक झाले. मेजाच्या पोटाखाली, सहसा नजरेला न पडणाऱ्या जागी, तो ठोकलेला असतो. त्याच्या शेजारी श्रेणीच्या तपासनिसांची तीन अक्षरे असली तर माल तपासून संमत झाला असे समजायचे. राजासाठी काम करणाऱ्यांना यातून सूट होती, म्हणून काही श्रेष्ठ मेजांवर शिक्काच नाही.

मुलाम्याची रीत जीवघेणी होती. सोने पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा लगदा करायचा, तो ब्राँझवर फासायचा आणि निखाऱ्यावर धरायचा. पारा उडून जातो, सोने धातूला धरून राहते. मग काही भाग अकीकासारख्या कठीण दगडाने घासून चकचकीत करायचे, काही मुद्दाम मंद ठेवायचे. उडालेला पारा कारागिराच्या छातीत जाई. हात थरथरू लागत, दात पडत, माणूस अकाली संपे. वर्सायच्या दालनांत जे सोने आजही ताजे दिसते, त्याच्या किमतीत हे आयुष्यही धरले पाहिजे.

या परंपरेचे शिखर म्हणजे पंधराव्या लुईसाठी केलेले मेज. १७६० मध्ये झाँ-फ्राँस्वा ओबेन याने ते हाती घेतले, १७६३ मध्ये तो वारला, आणि त्याच्या कार्यशाळेतल्या झाँ-आँरी रिझनेर याने १७६९ मध्ये पुरे केले. अर्धवर्तुळाकार झाकण मागे सरकत जाते. एकाच किल्लीच्या एका फेऱ्यात झाकणही लागते आणि सगळे खणही. वर दोन्ही बाजूंनी वेळ दाखवणारे घड्याळ आहे, म्हणजे बसलेल्यालाही दिसावे आणि समोर उभ्या असलेल्यालाही. राज्यक्रांतीनंतर त्याच्यावरची राजचिन्हे बदलली गेली, पण मेज वाचले. ते वर्सायला आहे.

आता मांडवीकडे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले आणि पुढच्या शंभर वर्षांत तिथे कागदाचे राज्य उभे राहिले. व्हाइसरॉयचे हुकूम, जेझुइटांची पत्रे, जहाजांच्या याद्या, व्यापाऱ्यांचे हिशेब. कागद आला की खण लागतात आणि कुलूप लागते. त्यातून दोन प्रकार रुजले. एक, समोरचे झाकण खाली पडून लिहिण्याचा पाट होणारी पेटी, एस्क्रितोरियो. दुसरा, झाकण नसलेले, ओळीने खण असलेले आणि उंच बैठकीवर ठेवायचे कपाट, कोन्तादोर. दोन्हींचा घाट युरोपातला. अंगावरचे सगळे मात्र इथले.

सांगाडा सागवानाचा. ही पहिली शहाणपणाची गोष्ट, कारण ओलाव्याने सागवान ओकपेक्षा बरेच कमी हलते, आणि त्यातल्या तेलामुळे वाळवीही त्याच्यापासून दूर राहते. त्यावर अबनूस किंवा शिसव आणि हस्तिदंत. यातली शिसव म्हणजे आपल्या लोंढा, नागरगाळी, जांबोटीच्या रानात वाढते तीच जात. कानडी शेजारी तिला बीटे म्हणतात. ताज्या कापलेल्या शिसवीचा गाभा जांभळा असतो, त्यावर काळ्या रेषा धावतात आणि वर्षे जातात तसा तो काळवंडत जातो. हस्तिदंत बहुतेक मोझांबिकहून येई, कारण तोही किनारा पोर्तुगीजांच्याच हातात होता.

नक्षी बहुधा वर्तुळांची. एकमेकांत गुंतलेली वर्तुळे, त्यांच्या छेदातून निघालेल्या पाकळ्या आणि चांदण्या, आणि ही जाळी कपाटाच्या सगळ्या अंगावर न थांबता पसरलेली. खणाचा काठ कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते लांबून कळत नाही. कधी दोन खण वाटतात तिथे प्रत्यक्षात एकच खोल खण असतो आणि दुसरे कुलूप नुसते शोभेचे. बूलच्या मेजासमोर उभे राहिले की नजर मधल्या आकृतीकडे ओढली जाते. गोव्याच्या कपाटाला असा मध्यच नाही, नजर त्यावरून फिरत राहते. मला दुसरी गोष्ट अधिक आवडते.

या वर्तुळांमागे व्यवहारही आहे. बूलच्या पितळी वेली लांबच लांब असतात; हवा कोरडी झाली की त्यांचे टोक सुटून वर येते आणि झटकणाऱ्याच्या फडक्यात अडकते. गोव्याचे तुकडे मुळातच छोटे. प्रत्येकाची हालचाल नगण्य, आणि ताण शेकडो सांध्यांत वाटला जातो. शिवाय ठिकठिकाणी हस्तिदंताच्या बारीक खुंट्या ठोकलेल्या असतात. पावसाळ्याचे चार महिने फक्त सरसावर भरवसा ठेवायचा नाही, हे त्या हातांना ठाऊक होते. त्या पांढऱ्या ठिपक्यांना नक्षीत सामावून घेतले आहे. लाकूड धरून ठेवणारी वस्तूच शोभेची झाली आहे आणि दोन्ही कामे एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत.

धातूकामातही तोच फरक. पॅरिसचे ब्राँझ साच्यात ओतलेले, उठावाचे, जवळजवळ मूर्तीसारखे. गोव्यात तांब्याचा पत्रा घ्यायचा, त्यावर वेल आखायची, भोके पाडून कानशीने कोरायचे, सोन्याचा मुलामा द्यायचा आणि गोल डोक्याच्या खिळ्यांनी ठोकायचे. ती सोन्याची सपाट लेस होते. पेटीचे आठही कोपरे तिने बांधलेले, प्रत्येक कुलपाभोवती तिचेच तबक, आणि उचलायला दोन्ही बाजूंना कड्या. जहाजाच्या पोटात सहा-सात महिने आदळत जाणाऱ्या सामानाला असे बांधकाम हवेच होते.

आणि पाय. कित्येक कोन्तादोर नागकन्यांच्या खांद्यांवर उभे आहेत. कमरेवर स्त्री, खाली वेटोळे घातलेली शेपटी. युरोपीय घरमालकाने तिला जलपरी मानले असेल. घडवणाऱ्याच्या घरी नागपंचमी होत होती. १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती पूजेच्या वस्तू हिंदू कारागिरांकडून करवून घेऊ नयेत असा ठराव केला होता. असा ठराव करावा लागला, यावरूनच कळते की ते काम कोणाच्या हातात होते. मेजावर आणि कपाटावर तर असा निर्बंधही नव्हता. त्यांच्यावर कोणाचा शिक्का नाही, कोणाचे नाव नाही. पॅरिसच्या दुय्यम सुताराचे नाव आज कोशात मिळते, आणि नागकन्या घडवणाऱ्या उस्तादाचे कुठेच मिळत नाही. याची मला खंत वाटते. संग्रहालयाच्या पाटीवर ‘गोवा’ एवढेच लिहिलेले असते. ते वाचताना तिथल्या च्यारी आणि मेस्त या कारागीर घराण्यांची आठवण आपण तरी ठेवावी.

या वस्तू युरोपात किती अपूर्व वाटल्या, याचा एक पुरावा मुंबईशी जोडलेला आहे. १६६१ च्या तहाने पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रागांझा हिचा इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी विवाह ठरला आणि आंदणात मुंबई बेट गेले. पुढच्या वर्षी ती इंग्लंडला पोहोचली तेव्हा तिच्या सामानात हिंदुस्थानी कपाटे होती, आणि तिथे अशी कपाटे पूर्वी कोणी पाहिली नव्हती असे रोजनिशीकार जॉन इव्हलिनने नोंदवले आहे. मुंबईचा इतिहास आपण शाळेत शिकतो. त्याच आंदणातल्या कपाटांचा उल्लेख कोणी करत नाही.

मग अशी मेजे घाटाच्या वर, मराठी मुलखात का रुजली नाहीत? आपले लिहिणे जमिनीवरचे होते. गादी, तक्क्या, मांडीवर कागद, शेजारी दौत आणि बोरूचे कलमदान. कारकुनापुढे फार तर उतरत्या झाकणाचे बुटके डेस्क. कागद खणात जात नसे. तो रुमालात बांधला जाई आणि रुमालांचे दप्तर होई. पाय मोकळे सोडून खुर्चीवर बसण्याची सवय नसेल तर उंच मेज काय कामाचे? खुद्द फ्रान्समध्येही ते फार जुने नव्हते. कार्डिनल माझारँच्या नावाने ओळखले जाणारे आठ पायांचे मेज कार्डिनल १६६१ मध्ये वारल्यानंतरचे आहे. कार्डिनलचे नाव मेजाला एकोणिसाव्या शतकात चिकटले.

संस्थानिकांच्या वाड्यांत फ्रेंच मेजे आली ती एकोणिसाव्या शतकात. ग्वाल्हेरच्या १८७४ मधल्या जयविलास राजवाड्यात युरोपीय फर्निचर मोठ्या प्रमाणावर आले, आणि हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात फ्रेंच फर्निचरचे दालनच पाहायला मिळते. या काळात पॅरिसमधले कारखाने जुन्या मेजांच्या नकला सर्रास काढत होते. पंधराव्या लुईच्या त्या मेजाची एक नक्कल तर बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविगने आपल्या राजवाड्यासाठी करवून घेतली. या नकला म्हणजे फसवणूक नव्हे. काहींची कारागिरी थक्क करणारी आहे. पण अठराव्या शतकातले म्हणून एकोणिसाव्यातले विकले जाते, तेव्हा ओळखायला यावे. खण बाहेर काढून उलटा करावा. जुने आवरण हाताने करवतून काढलेले असते, दीड-दोन मिलिमीटर जाड आणि किंचित कमी-अधिक. यंत्राने सोललेले कागदासारखे पातळ आणि सगळीकडे सारखे. सोने पाऱ्याचे असेल तर खोलगट जागी ते दाट आणि मऊ दिसते. १८४० नंतर विजेने मुलामा देण्याची रीत आली. तिचा थर पातळ, सारखा आणि थोडा थंड. स्क्रूच्या खाचा हुबेहूब एकसारख्या असतील तर ते यंत्राचे काम.

आपल्याकडे हे जडावकाम संपलेले नाही, फक्त त्याचा पत्ता बदलला. मैसूरच्या शिसवी जडावकामाला भौगोलिक मानांकन आहे आणि तिथे आजही पॅनेल, पेट्या, चित्रे होतात. हस्तिदंत मात्र त्यातून गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने त्याचा व्यापार पूर्ण बंद केला, आणि ते योग्यच झाले. शिसवीवरही आता पहारा आहे. २०१७ च्या जानेवारीपासून तिचे सगळे भाईबंद आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आले. खानापूरच्या रानात तर परवान्याशिवाय शिसवीला कुऱ्हाड लावता येत नाही. भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झाले. गोव्याच्या कपाटांत शिरलेल्या लाकडाची जात त्यामुळे निदान उभी तरी राहील.

बेळगाव-खानापूरच्या जुन्या घरांत, विशेषतः गोव्याशी सोयरीक असलेल्या, अशी एखादी पेटी किंवा हस्तिदंताचे ठिपके असलेले कलमदान माळ्यावर पडलेले असू शकते. ते विकायचा विचार करू नये. हस्तिदंत असेल तर विक्री गुन्हा ठरते, आणि शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला ते लावून ठेवू नये आणि उन्हातही ठेवू नये. ओले फडके फिरवू नये. पिवळा धातू काळवंडला म्हणून चिंच किंवा पॉलिश घासणे हा सर्वांत मोठा अपराध: सोन्याचा थर केसाहून पातळ असतो आणि चार दिवाळ्यांत खाली तांबे उघडे पडते. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ काढली की पुरे.

निघालेला तुकडा बाजारच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवू नये. जुने काम सरसाचे आहे, आणि सरसाचा मोठा गुण हा की थोडी ऊब आणि ओलावा दिला तर तो सुटतो. पुढच्या कारागिराला लाकूड न फोडता दुरुस्ती करता येते. आधुनिक गोंद सुटत नाही, लाकूडच सोलून निघते. म्हणून हस्तिदंताची खुंटी, वर्तुळाची पाकळी, जाळीचा खिळा, जे गळून पडेल ते कागदात गुंडाळून, कुठून निघाले ते वर लिहून, त्याच खणात ठेवावे आणि सरस शिजवायला येणारा सुतार शोधावा.